नवीन डाग नाहीत

माझ्या धाकट्या बहिणीच्या आजाराची सुरुवात सुईच्या नेढ्यापासून झाली. एका सकाळी तिला शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवता येईना. उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं की सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसायचं, आणि डोळा फिरवला की आत दुखायचं. शाळा उघडायला आठवडा राहिला होता आणि तिच्याकडे गणवेशांचा ढीग पडला होता. तिने कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या पोरीकडून दोरा ओवून घेत तिने ते सगळे गणवेश शिवले आणि मग मला फोन केला.

तिचं सासर तेलगावजवळच्या एका गावात. कापूस, ऊस, धरणाच्या कालव्याचं पाणी असलं तर उन्हाळी भुईमूग, दावणीला म्हशी. घरात सासू, सासरे, नवरा. पडवीत हिचं मशीन. मी माजलगावला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आई-वडील लवकर गेले, तिचं शिक्षण आणि लग्न मीच पाहिलं. त्यामुळे तिला काही झालं की पहिला फोन मला, हे ठरलेलंच होतं.

बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, डोळा चांगला आहे, डोळ्यामागच्या नसेला सूज आहे, मेंदूचा एमआरआय काढा. तो संभाजीनगरला काढला. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी काळी फिल्म दिव्यासमोर धरली आणि त्यावरचे पांढरे डाग पेनाच्या टोकाने दाखवले. पाच-सहा असतील. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. शरीराची जी फौज जंतूंशी लढायची, तीच चुकून मेंदूतल्या तारांवरच्या वेष्टनावर तुटून पडते, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजे मोटारीच्या केबलवानी," दाजी म्हणाले. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. "वरचं रबर गेलं की करंट नीट जात न्हाई."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. "आणि रबर गेल्यावर बरीच वर्षं तशीच ठेवली, तर आतली तारसुद्धा खराब होते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

सलाइनमधून औषध दिल्यावर डोळा महिन्याभरात पुष्कळसा परत आला. मग इंजेक्शनं सुरू झाली, ती स्वतःच मांडीत टोचून घ्यायला शिकली. पुढची दोन वर्षं बरी गेली. इतकी बरी, की घरात आजाराचं नाव निघेनासं झालं. मीही वर्गात मुलांना शिकवताना, पेपर तपासताना तो विसरून गेलो.

त्यानंतर तिच्या तक्रारी सुरू झाल्या. डोळ्यासारखं ठसठशीत काही नव्हतं. थकवा येतो म्हणायची. मी विचारलं, कसला थकवा? काम जास्त होतंय का?

"तसला न्हाई दादा. सकाळी उठते तेव्हाच दिवस सरल्यासारखा वाटतो. अजून चूल पेटलेली नसती, आन् मी संपलेली असते."

मशीनचं पायडल मारताना डावा पाय मागे राहतो म्हणायची. बोलता बोलता शब्द हरवतो म्हणायची. एकदा म्हणाली, ब्लाउजचं माप लिहून घेतलं आणि कापताना कुणाचं माप ते आठवेना, तिघींचं कापड तसंच पडून आहे. मी हसून म्हणालो होतो, "माझ्याही बऱ्याच गोष्टी लक्षात राहत नाहीत. वय होतंय आपलं." ती तेव्हा तिशीतली होती.

दुसरा एमआरआय काढायला मीच तिला घेऊन गेलो. रिपोर्ट इंग्रजीत होता. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी तो आधीच वाचून काढला. अशा कागदात मुद्द्याची ओळ कुठे असते ते मला शोधता येतं, याचा थोडा अभिमानही वाटला. जुने डाग होते तसेच. नवीन डाग नाहीत.

डॉक्टरही तेच म्हणाले, पण पुढे आणखी बोलले. "डाग वाढले नाहीत, हे चांगलं. पण बाईंना काय काय होतंय ते तारीखवार लिहून ठेवा. फोटो आणि पेशंट दर वेळी एकच सांगतात असं नाही." मी मान हलवली. मनात मी पुढच्या गाडीची वेळ बघत होतो. बाहेर येऊन मी त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला आणि दाजींना पाठवला. खाली लिहिलं, आजार थांबला आहे, काळजी नसावी.

वही काही केली नाही. तिने विचारलं होतं, "दादा, ते लिहून ठेवायचं म्हनले न्हवं का?" मी म्हणालो, "तेच तेच लिहीत बसलीस तर तेच तेच होत राहील. मन जरा दुसरीकडे लाव."

त्या दिवाळीला ती माझ्याकडे आली होती. माझी बायको करंज्या करत होती आणि ही सारण भरता भरता उठून आत जाऊन आडवी झाली. दुपारची वेळ, घरात पाहुणे. मला ते बरं दिसलं नाही. मी आत गेलो आणि दार लोटून तिला म्हणालो, "रिपोर्टमध्ये काही निघालेलं नाही. तुला मी स्वतः वाचून दाखवलाय. आता हे मनावर घ्यायचं बंद कर." ती लगेच उठली. पदर खोचला, तोंडावर पाणी मारलं आणि जाऊन करंज्यांना मुरड घालायला बसली. त्या वेळी मला वाटलं, बघा, थोडं बोलावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी, मी तिच्या गावी गेलो होतो. दुपारचं जेवण झालं होतं. ओसरीवर सासरे तक्क्याला टेकून सुपारी कातरत होते, दाजी शेतात गेले होते. बहीण चुलीपाशी चहा टाकत होती. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो, बहीण आत्या म्हणते. एरवी माझ्याशी फारसं न बोलणाऱ्या मावशी एकाएकी पुढे सरकून म्हणाल्या, "सर, तुमी शिकलेले हाव. तुमीच सांगा आता सगळ्यांसमोर. हिला खरंच काय हाय का न्हाई?"

मला त्या प्रश्नात संशय ऐकू आला. सून कामाचा कंटाळा करते, असं त्यांना म्हणायचंय आणि माझ्या तोंडून ते वदवून घ्यायचंय, असं वाटलं. माहेरचा माणूस म्हणून मला ते लागलं. पण सुनेची बाजू घेऊन भांडलो तर मी भाऊ म्हणून बोलतोय असं होईल, त्यापेक्षा पुराव्याने बोलावं, असा शहाणपणा मला सुचला. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये होताच. मी तो काढला आणि वाचून, मराठी करून सांगितला. नवीन डाग नाहीत. आजार जागच्या जागी थांबलाय. औषध चालू ठेवायचं.

सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "म्हंजे कामधंद्याला हरकत न्हाई."

"हलक्या कामाला नाही," मी म्हणालो. "उलट हालचाल ठेवली तर बरंच."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठून आत गेल्या. बहीण चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात देताना तिची बशी वाजत होती, ते मी पाहिलं आणि भरलेला कप म्हणून वाजतेय असं मनाशी म्हणालो.

तीन आठवड्यांनी दाजींचा फोन आला. भुईमूग काढायचं चालू होतं, शेतात पडली, तेलगावला दवाखान्यात आणलंय, पाय उचलेनात. मी मोटारसायकल काढून पोचलो तेव्हा ती खाटेवर पंख्याखाली होती, अंगावर ओली साडी. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय न्हाई झालं दादा, ऊन लागलं." दुसऱ्या दिवशी आम्ही तिला संभाजीनगरला नेलं.

चार दिवसांत उजवा पाय जाग्यावर आला. डावा आला नाही. टाचेपासून ओढल्यासारखा मागून यायचा. पुन्हा एमआरआय झाला, आणि पुन्हा रिपोर्टात तीच ओळ. या वेळी ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मी डॉक्टरांना विचारलं, डाग वाढत नाहीत, मग ही का खालावतेय?

डॉक्टरांनी मला रागावून काही म्हटलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "डाग म्हणजे जिथे भडका उडाला ती जागा. पण या आजारात मेंदूचा जो भाग फोटोत चांगला दिसतो, तिथेही हळूहळू झीज होत असते. ती साध्या एमआरआयला दिसत नाही. एक वेगळी तपासणी आहे. मशीन तेच, पण त्यात फोटोऐवजी मेंदूतली रसायनं मोजतात. पुण्यात करतात. त्यावरून उपचार ठरवतोच असं नाही, सगळ्यांना ती करायलाही सांगत नाही. पण तुमच्या मनातल्या प्रश्नाला थोडं उत्तर मिळेल."

पुण्याला दाजी आले नाहीत, उसाला पाणी द्यायची पाळी होती. मावशी आल्या. दवाखान्यात बहिणीच्या अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं. मावशींनी ते एकेक करून आपल्या पदराच्या टोकात बांधलं आणि गाठ मुठीत धरून बाकावर बसल्या. बहिणीला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. आतून मशीनचा ठोक्यांसारखा आवाज यायला लागला.

वेळ लागणार होता. इतके दिवस माझ्या मनात सासरच्या माणसांबद्दल राग साचला होता. मे महिन्याच्या उन्हात आजारी बाईला भुईमूग उपटायला नेतात, याला काय म्हणावं? तो राग मी तिथे बाहेर काढला. आवाज खाली ठेवून, पण काढला. म्हणालो, "मावशी, तिच्यावर तुमचा विश्वास नव्हता हे मला त्या दिवशीच कळलं होतं. सगळ्यांसमोर विचारलंत तेव्हाच."

मावशींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी तुमाला कशापायी इचारलं, ते कळलं का तुमाला?"

त्यांनी पदराची गाठ दुसऱ्या मुठीत घेतली.

"मी रोज तिच्यासंगं ऱ्हाते सर. पायरी उतरताना भिंत धरती ती. भाकर थापता थापता हात गळतो तिचा. रातच्याला उठून चार-चारदा मोरीत जाती, धरून ठेवता येत न्हाई तिला. मला दिसत हुतं की सगळं. ती खोटं बोलत न्हाई, हे मला कुनी सांगायची गरज नव्हती. पर आमच्या घरात माझ्या बोलन्याला कोन इचारतंय? मालक म्हनायचे, तू सुनंचे लाड करती. म्हनलं, सख्खा भाऊ हाय, त्यात सायन्सचा मास्तर. त्यानं एकदा मालकासमोर म्हनलं की पोरगी आजारी हाय, तर पुन्ना कुनी तिला शेतात चल म्हनायचं न्हाई. म्हनून मुद्दाम मालक बसलेले बघून इचारलं मी." त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. "तुमी मोबाइल काढलात."

आतला ठोक्यांचा आवाज बदलला आणि पुन्हा सुरू झाला. मावशी पुढे बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता.

"ती पडली त्या दिवशी बी मी म्हनलं, तू घरी थांब. तर मालक म्हनले, सरांनी सांगितलंय, हालचाल पायजे. तीच म्हनली, चला आत्या, दादा म्हनलाय म्हनल्यावर जमंल मला. दीड-दोन तास वाकून उपटत हुती. मग खाली बसली ती उठंचना. डोळ्यापुढं काय दिसंना म्हनली. आन् तशीच बसल्या जागी तिला लघवी झाली. लुगडं भिजलं समदं. भोवती सात-आठ बायका. एकीला हसू आलं, भ्यायली असंल ती बी. मी काय करू? प्यायच्या पान्याची घागर उचलली आन् सगळी हिच्या डोक्यावरनं रिकामी केली. म्हनलं, आता वलं हाय ते पान्यानंच वलं हाय. कुनी काय म्हनायचं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. बहिणीने सांगितलं नव्हतं, दाजींनी सांगितलं नव्हतं. तेलगावच्या दवाखान्यातली ओली साडी मी डोळ्यांनी पाहिली होती. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले होते, लगेच पाणी कुणी ओतलं, त्याने फार चांगलं झालं, या आजारात अंग थंड करणं हाच पहिला इलाज. मला वाटलं होतं, कुणालातरी उन्हाचं सुचलं असेल.

मला मावशींची माफी मागायची होती. तेवढ्यात आतून हाक आली, पेशंटबरोबर कोण आहे?

रेडिऑलॉजिस्ट बाई तरुण होत्या. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढून मला पडद्यासमोर बसवलं. डाव्या बाजूला बहिणीच्या मेंदूचा करडा फोटो होता. त्यावर त्यांनी एक छोटा चौकोन ठेवला होता. डागावर नव्हे, डागांपासून दूर, फोटोत अगदी निरोगी दिसणाऱ्या जागी. उजवीकडे त्या चौकोनातल्या रसायनांचा आलेख होता. एक वाकडीतिकडी रेघ, तिच्यावर वर आलेली शिखरं, आणि खाली उजवीकडून डावीकडे वाढत जाणारे आकडे.

एमएस्सीला असताना असले आलेख मी शेकड्यांनी वाचले होते. एखादा पदार्थ चुंबकात ठेवायचा आणि रेघेवरच्या शिखरांवरून त्यात कोणते अणू कसे बसलेत ते ओळखायचं, परीक्षेत हाच प्रश्न असायचा. दोनच्या आकड्यापाशी एकटं उभं असलेलं शिखर म्हणजे अ‍ॅसिटिल गट, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. इथेही दोनपाशीच ते शिखर होतं.

"हे एन-अ‍ॅसिटिल अ‍ॅस्पार्टेट," बाई म्हणाल्या. "मेंदूत हे जवळजवळ सगळं चेतापेशींमध्ये आणि त्यांच्या तारांमध्ये असतं. पेशी धडधाकट, तर शिखर उंच. हे शेजारचं क्रिएटीन, ते फारसं बदलत नाही, म्हणून त्याच्याशी तुलना करायची. आणि हे कोलीन, वेष्टनाची मोडतोड चालू असली की वाढतं." मग त्यांनी दुसऱ्या खिडकीत एका निरोगी बाईचा आलेख उघडला. त्यात दोनपाशी एक सुळका होता, बाकीच्यांच्या कितीतरी वर गेलेला. माझ्या बहिणीच्या आलेखात तेच शिखर शेजाऱ्यांच्या बरोबरीला येऊन थांबलं होतं.

मी विचारलं, पाण्याचा संकेत कसा दाबता? चौकोन आणखी लहान केला तर गोंगाट वाढत असेल ना? बाई खुशीत उत्तरं देत होत्या. पाच-सात मिनिटं आम्ही असे बोललो आणि त्या पाच-सात मिनिटांत मी विसरलो की ही रेघ कुणाची आहे. विद्यार्थी असताना यायचा तसा आनंद मला येत होता. बाहेर मावशी पदराची गाठ धरून बसल्या होत्या, आणि मी आत आनंदात होतो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, पण ते झालं होतं.

मग भानावर येऊन मी विचारलं, "हे नुकसान कधी झालं असेल? मे महिन्यात ती उन्हात पडली, त्याने?"

"एका आलेखावरून कधी ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "हा आजचा हिशेब आहे. पण हे एका दिवसाचं नाही. काही वर्षांचं असणार. आणि उन्हाने तारा तुटत नाहीत. ज्या कशाबशा काम करत असतात, त्या गरमीत दमतात. आधीपासून असलेलं तेव्हा उघडं पडतं."

त्यांना वाटलं असेल, याने माझं ओझं हलकं होईल. उन्हाने नुकसान झालं नाही, म्हणजे तो भुईमूग आणि ते माझं बोलणं यांनी तिचा पाय गेला नाही. पण मग दिवाळीला करंज्या सोडून ती आत जाऊन पडली तेव्हा हे शिखर असंच खुजं असणार. तिघींचं कापड कापता आलं नाही तेव्हाही. मी ज्याला मनाचं म्हणत होतो, ते सगळं या चौकोनात होतं, आणि तिने ते मला एकेक करून सांगितलं होतं.

बहीण चाकाच्या खुर्चीवर बाहेर आली. मावशी खाली बसून तिच्या पायांत जोडवी घालत होत्या. तिने विचारलं, "काय निघालं दादा?"

मी सांगितलं. फोटोत दिसत नव्हतं, पण मेंदूच्या चांगल्या भागातही झीज आहे. थकवा, पाय, विसरणं, सगळं त्यातूनच येतंय.

वाईट बातमी होती. मी तिच्याकडे बघायला घाबरत होतो. तिने एक लांब श्वास सोडला आणि ती मावशींकडे बघून हसली. म्हणाली, "आत्या, खरंच हाय म्हनं ओ." परीक्षेचा निकाल लागल्यावर पोरी हसतात तशी हसली. मावशींच्या हातातलं जोडवं खाली पडलं आणि बाकाखाली गेलं. मी ते शोधायला वाकलो आणि सापडल्यावरही बराच वेळ तसाच वाकून राहिलो.

गावी परतल्यावर मी सासऱ्यांसमोर आलेखाची प्रत उलगडली आणि वर्गात शिकवतो तसं बोट ठेवून समजावलं. ते नीट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे तुमी आधी सांगायला पायजे हुतं सर. मी तर तुमच्या शब्दावर चाललो." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो माणूस खरंच माझ्या शब्दावर चालला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी पडवीवरचे जुने पत्रे काढून कडब्याचं छप्पर घालून घेतलं, आत गारवा राहावा म्हणून.

औषध बदललं. नव्या औषधाने आजार मागे जाणार नाही, चाल मंदावली तर मंदावेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दाजींनी शिलाई मशीनला मोटार बसवून आणली, आता पायडल मारावं लागत नाही. कापायचं काम मावशी करतात, बहीण खडूने रेघा मारून देते. घराबाहेर पडताना हातात काठी असते. दिवसभरात जेवढं होईल तेवढं करते आणि मग सरळ जाऊन आडवी होते. कुणी काही म्हणत नाही.

नागपंचमीला मित्राची चारचाकी घेऊन मी तिला आणायला गेलो होतो. माजलगावच्या वाटेवर, गाडी चालवत असल्यामुळे तिच्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणून, मी एकदाचं बोललो. "मी तेव्हा चुकलो. तुझं ऐकलं नाही. तुला माझा राग आला असेल."

ती खिडकीबाहेर उसाच्या फडांकडे बघत होती. "राग न्हाई आला दादा तुझा," ती म्हणाली. "राग आला असता तर भांडले असते. मला वाटलं, दादा म्हनतोय म्हंजे तसंच असंल. मीच आळशी झाले असंल. सकाळी उठता आलं न्हाई की मी मलाच शिव्या द्यायचे. लई घाण घाण शिव्या. आत्यांना ऐकू जायच्या."

मग तिने विचारलं, वहिनीसाठी काही घ्यायचं का वाटेत. तिने विषय तिथेच सोडला.

आता मी दर रविवारी फोन करतो. डॉक्टरांनी सांगितलेली वही मी स्वतः नेऊन दिली आहे, रेघा आखून, तारखांचे रकाने करून. ती वही भरलेली असते, पण अक्षर तिचं नसतं. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून त्या सांगतात आणि दाजी लिहितात. बहीण मावशींना सांगते. मला नाही सांगत. फोनवर मी विचारतो, कशी आहेस? पाय कसा आहे? थकवा? ती म्हणते, "बरी हाय दादा. तू कसा हायस?" मी पुन्हा विचारतो, खरं सांग. ती म्हणते, "खरंच बरी हाय," आणि जरा वेळाने, "थांब, आत्यांकडं देते," म्हणून फोन मावशींच्या हातात देते.